गुलामगिरीतून सुटलेल्यांचे बोल, घरबसल्या आणि फुकट

एम. ए.ला मी अमेरिकेचा इतिहास घेतला आणि प्रकल्पासाठी विषय निवडला तिथल्या गुलामगिरीचा शेवट. जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलाममुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केलं, हे शाळेपासून माहीत. पण सुटलेली माणसं स्वतः काय बोलली? आमच्या कॉलेजच्या कपाटात त्याचं उत्तर नव्हतं.

घाईत मी एका खासगी साइटवर ‘सात दिवस मोफत’ बघून कार्डाचा नंबर दिला. आठव्या दिवशी वर्षभराचे पैसे कापले गेले. परत मिळाले, पण चार मेल करावे लागले. मग सर म्हणाले, “अगं, आधी लायब्ररी ऑफ काँग्रेस बघायचं ना!”

अमेरिकेच्या या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या साइटवरचा ‘बॉर्न इन स्लेव्हरी’ हा संग्रह मी गेले चार महिने वापरतेय. लॉगिन नाही, पैसे नाहीत. १९३६ ते १९३८ या मंदीच्या वर्षांत तिथल्या सरकारने बेकार लेखकांना काम दिलं. त्यांनी एकेकाळी गुलाम असलेल्या म्हाताऱ्या माणसांना गाठून त्यांच्या आठवणी टिपल्या. अशा २,३०० हून जास्त कथनं आणि ५०० छायाचित्रं इथे आहेत. मूळ टंकलिखित पानच समोर येतं, खाडाखोडीसकट.

शोधताना मात्र सुरुवातीला अडले. ‘मास्टर’ शब्द टाकला तर मला हवी ती कितीतरी पानं आलीच नाहीत. कारण टिपणाऱ्यांनी बोली कानावर पडली तशी लिहिलीय: कुठे ‘मार्स्टर’, कुठे ‘मास्सा’, कुठे नुसतं ‘मार्स’. ‘दे’चं ‘डे’, ‘दॅट’चं ‘डॅट’. मी वहीच्या शेवटच्या पानावर अशा रूपांची यादी केली आणि प्रत्येक रूप वेगळं शोधलं. नुसत्या डोळ्यांनी वाचून कळेना ते मोठ्याने वाचलं की कळायचं. माझ्या आजीची वऱ्हाडी कुणी उच्चाराबरहुकूम लिहिली तर पुण्याच्या माणसाचं असंच होईल.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. ही पानं जशीच्या तशी पुरावा म्हणून उचलू नका. प्रश्न विचारणारे बहुतेक गोरे होते, काळ वर्णभेदाच्या कायद्यांचा होता. सांगणारा ऐंशीच्या पुढचा, गरीब, आणि १८६५ साली मुक्ती झाली तेव्हा बरेचदा लहान मूल. “मालक चांगला होता” हे वाक्य तो कुणासमोर बसून बोलतोय, हे आधी बघा. बोलीतलं स्पेलिंगसुद्धा टिपणाऱ्याचं आहे, सांगणाऱ्याचं नाही. संग्रहासोबत दिलेली प्रस्तावना आधी वाचा. मी ती शेवटी वाचली आणि दोन प्रकरणं पुन्हा लिहिली.

वर्तमानपत्रांसाठी ‘क्रॉनिकलिंग अमेरिका’, तीही फुकट. तिथे छापील पान यंत्राने वाचलेलं असतं, त्यामुळे फिकट शाईत अक्षरं चुकतात. नाव सापडलं नाही म्हणजे बातमी नव्हती असं समजू नका. तारीख धरून पानं चाळा. आकडे हवे असतील तर ‘स्लेव्ह व्हॉयेजेस’ आहे: अटलांटिक ओलांडलेल्या ३६,००० हून जास्त गुलामजहाजांच्या फेऱ्या, वर्ष आणि बंदर निवडून बघता येतात. तक्ते रुंद आहेत, लॅपटॉपवरच उघडा. अभ्यासकांच्या लेखांसाठी जेस्टोर या संशोधन-नियतकालिकांच्या साइटवर स्वतःचं खातं काढलं की महिन्याला १०० लेख ऑनलाइन वाचता येतात. कॉलेजची वर्गणी नसली तरी.

सुरुवात कुठून करायची म्हणाल, तर एकच राज्य निवडा आणि त्याचा एक खंड सलग वाचा. मी जॉर्जियाचा घेतला. शोधखिडकीत काय टाकायचं ते त्यानंतरच सुचायला लागलं.