ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी: ‘अनेबल’ काढून बघा

शिकणाऱ्यांचा कोश पारखायचा तर त्यात साधा शब्द काढावा. अवघड शब्दांचे अर्थ कुठलाही कोश देतो. ही डिक्शनरी १९४८ साली इंग्रजीचे शिक्षक ए. एस. हॉर्नबी आणि सहकाऱ्यांनी काढलेल्या कोशातून वाढत आली, दहावी आवृत्ती २०२० ची. तिच्यात ‘अनेबल’ची नोंद लहानशीच आहे.

अर्थ एका ओळीत उरकतो: कौशल्य, ताकद, वेळ किंवा माहिती नसल्याने एखादी गोष्ट करता न येणे. खरा ऐवज आहे तो अर्थाआधीच्या चौकटी कंसात, आणि नेमका तोच कुणी वाचत नाही. हा शब्द नामाआधी येत नाही, असं तो सांगतो. म्हणून ‘असमर्थ माणूस’साठी ‘ॲन अनेबल मॅन’ चालत नाही. पुढे ‘टू’ आणि क्रियापदाचं मूळ रूप: ‘आय ॲम अनेबल टू अटेंड’. ‘अनेबल फॉर अटेंडिंग’ चूक, ‘अनेबल ऑफ अटेंडिंग’ही चूक. ‘ऑफ’ लागतो ‘इनकेपेबल’ला, पण त्यात ‘कुवतच नाही’ असा बोचरा सूर असतो; रजेच्या अर्जात स्वतःबद्दल तो वापरू नये.

मराठी माणूस हमखास अडखळतो ती जागा मात्र इथे सापडत नाही. कोश एकभाषी, साऱ्या जगासाठी. त्याला आपल्या चुका कुठून ठाऊक असणार? ‘मला येणं शक्य नाही’ यात कर्ता ‘येणं’ आहे. तोच साचा उचलून ‘इट इज अनेबल फॉर मी टू कम’ लिहिलं जातं. तिथे ‘इम्पॉसिबल’ हवा. ‘अनेबल’ लागतो तो करणाऱ्याला, मग तो माणूस असो, बँक असो की सर्व्हर. कामाला कधीच नाही. ‘धिस वर्क इज अनेबल’ हे त्यामुळेच निरर्थक. दुसरी चूक दुहेरी नकाराची: ‘आय कान्ट अनेबल टू कम’. ‘अन’मध्ये नकार आलेलाच आहे.

वेबसाइटवर उच्चार ऐकता येतो, तो जरूर ऐकावा. ‘इनेबल’ आणि ‘अनेबल’ घाईत सारखेच वाटतात आणि अर्थ अगदी उलटे. आघात दोन्हींत ‘ने’वर. नाम ‘इनॅबिलिटी’; ‘अनॅबिलिटी’ असा शब्द नाही.

दहावी-बारावीच्या मुलांसाठी जाडजूड छापील प्रत घ्यायची गरज नाही, फुकट वेबसाइट पुरते. शेजारी एखादा इंग्रजी-मराठी कोश ठेवावा, पण अर्थापुरताच. वाक्याची घडण ऑक्सफर्डच्या उदाहरणांवरूनच उचलावी.