गूगल पेटंट्स: इंटरफेसचं पेटंट शोधायला किती कामाचं?

ॲपमधली एखादी सरकपट्टी, टॅबची मांडणी किंवा बटण कुणाच्या पेटंटमध्ये अडकतंय का, हे बघायला बहुतेक डेव्हलपर आधी गूगल पेटंट्स उघडतात. सेवा २००६ पासून आहे, पैसे लागत नाहीत, लॉगिनही नाही, आणि शंभराहून जास्त पेटंट कार्यालयांचे दस्तऐवज एका जागी मिळतात. पंप, गिअर, औषधाचा रेणू शोधायचा असेल तर झकास. इंटरफेसच्या बाबतीत मात्र ती उघडी पडते. दोष निम्मा तिचा, निम्मा त्या पेटंटांचा.

नावावरून काही सापडेल ही आशा सोडा. अडोबीच्या १९९६ सालच्या पेटंटचं शीर्षक साधारण 'स्क्रीनच्या एकाच जागेत माहितीचे अनेक संच दाखवण्याची पद्धत' असं आहे. म्हणजे काय, तर टॅब असलेली, सुटी करता येणारी पॅलेट, अर्थात साधनांची छोटी खिडकी. एवढ्यावरून अडोबीने २०००मध्ये मॅक्रोमीडिया या प्रतिस्पर्धी सॉफ्टवेअर कंपनीला कोर्टात खेचलं. मे २००२मध्ये ज्यूरीने अडोबीला २८ लाख डॉलर दिले, आणि लगोलग मॅक्रोमीडियाला तिच्या स्वतःच्या पेटंटांपोटी ४९ लाख! जुलैत तडजोड झाली. ग्राफिक्स वापरणाऱ्याच्या पदरात यातून काय पडलं, ते विचारू नका.

म्हणून शब्दांऐवजी वर्गीकरणाच्या कोडने, म्हणजे पेटंट कार्यालयं विषयवार देतात त्या खुणेने, शोधा. टचस्क्रीनवरचे हावभाव जी०६एफ ३/०४८८ मध्ये, स्क्रोलिंग ३/०४८५ मध्ये, पानांसारखी किंवा टॅबची रचना ३/०४८३ मध्ये. कोड अर्थातच रोमन लिपीत टाकायचा, उपवर्गांसकट घ्यायचा, मग त्यात एकदोन शब्द जोडायचे आणि प्राधान्य तारखेची (पहिला अर्ज केल्याच्या तारखेची) चाळणी लावायची. तरीही ढीग उरतोच. तो हातानेच उपसावा लागतो.

पान उघडलं की सारांश वाचू नका, सरळ क्लेमवर जा, म्हणजे नेमका कशावर हक्क सांगितलाय त्या कलमांवर. ॲपलचं 'स्लाइड टू अनलॉक', यूएस ८०४६७२१ बी२, घ्या. पहिल्या क्लेमचे टप्पे असे: ठरलेल्या जागी असलेल्या चित्रावर बोट टेकलं, बोट न उचलता सरकवलं तसं ते चित्रही सतत सरकलं, चित्र ठरलेल्या भागात पोचलं की फोन उघडला. उल्लंघन ठरायला सगळे टप्पे लागू व्हावे लागतात. चित्रच सरकत नसेल किंवा बोट कुठूनही सुरू करता येत असेल, तर शब्दशः तुम्ही बाहेर. प्रत्येक टप्पा एका ओळीत लिहून समोर आपल्या ॲपचं वागणं मांडायचं. हा तक्ता बनवायला ही सेवा उत्तम आहे, कारण क्लेमचा मजकूर सहज उचलता येतो.

पानावरच्या 'चालू' किंवा 'मुदत संपली' या शिक्क्यावर मात्र विसंबू नका. तो निव्वळ अंदाज असतो, आणि तसं तिथेच लिहिलेलंही असतं. 'स्लाइड टू अनलॉक'च्याच कल्पनेचं युरोपीय पेटंट ब्रिटनच्या कोर्टाने २०१२मध्ये आणि जर्मनीच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५मध्ये रद्दबातल ठरवलं. अमेरिकेतलं मात्र टिकलं. ॲमेझॉनच्या एका क्लिकच्या खरेदीचंही तसंच. २०१०मध्ये फेरतपासणीनंतर क्लेम आखडले, आणि ते मूळ पेटंटला जोडलेल्या सी१ या वेगळ्या प्रमाणपत्रात आहेत. मूळ पानावर फक्त १९९९चा मजकूर वाचून घाबरणारे बरेच भेटतात.

नुकसान कसं होतं ते पाहायचं तर ॲपलचंच यूएस ५९४६६४७ उघडा. मजकुरातला फोन नंबर ओळखायचा, त्याला दुवा करायचा, दाबल्यावर काय-काय करता येईल ते दाखवायचं. अर्ज १९९६चा. त्यावरून मिळालेल्या बंदी आदेशामुळे मे २०१२मध्ये एचटीसीचे नवे फोन अमेरिकेच्या कस्टम्समध्ये अडकले. कंपनीने पर्यायांची यादीच काढून टाकली आणि मग माल सुटला. नवं काही बनवण्याऐवजी अभियंत्यांचे हात चालतं ते मोडण्यात गुंतले. नामको या गेम कंपनीचं, गेम लोड होताना छोटा खेळ खेळू देण्याचं पेटंट २०१५मध्ये संपलं, तोवर सीडीवरून लोड होण्याचा जमानाच सरला होता.

भारतात पेटंट कायद्याच्या कलम ३(के) नुसार नुसत्या संगणक प्रोग्रामला पेटंट नाही, त्यामुळे पुण्यातल्या डेव्हलपरला घरच्या बाजारात धोका कमी. पण ॲप अमेरिकेत विकलंत की तिथला कायदा लागू. भारतीय अर्जांची सद्यस्थिती पाहायची तर 'इनपास' या सरकारी पेटंट-शोध संकेतस्थळावरच जा.

आणखी एक गोम. अमेरिकेत जाणूनबुजून उल्लंघन ठरलं तर भरपाई तिप्पटीपर्यंत जाऊ शकते. पेटंट वाचलेलं असलं की 'माहीत होतं' हे दाखवणं सोपं, म्हणून बऱ्याच कंपन्यांचे वकील अभियंत्यांना पेटंट वाचूच नका म्हणून बजावतात. मग ही एवढी सुबक सेवा वापरायची कुणी? कंपनीत असाल तर आधी वकिलाला विचारा. एकटे असाल तर मुदत संपलेली पेटंटं बिनधास्त वाचा. क्लेम, आकृत्या, सगळं. त्यासाठी गूगल पेटंट्सला पाचपैकी साडेचार. चालू पेटंटांपासून सुटका मिळेल या भरवशावर वापरणार असाल तर दोन.