कोमट स्ट्राँग की ट्यूबलाइटखालची हिरवी बाटली: वाईटातली वाईट बिअर निवडताना

मे महिन्यात संध्याकाळी साडेसातनंतर नागपुरातल्या बिअर शॉपीवर "थंडी आहे का जी?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं. थंडी, म्हणजे गार बिअर, संपली. मग दुकानदार दोन गोष्टी पुढे करतो. एक म्हणजे मागच्या पेटीतली कोमट स्ट्राँग, जास्त अल्कोहोलची बिअर. दुसरी, काचेच्या फ्रिजात पहिल्या रांगेत दिवसभर उभी असलेली हिरवी पाइंट, म्हणजे हिरव्या काचेची छोटी बाटली. पहिली स्वस्त पण गरम, दुसरी महाग पण गार. या दोनमध्ये अडकलेल्यांसाठी हे लिहितोय. थंड माइल्डचा, म्हणजे कमी अल्कोहोलच्या बिअरचा, कॅन मिळत असेल तर पुढे वाचू नका, तो घ्या आणि घरी जा.

ब्रँडची नावं घेणार नाही. एकच ब्रँड डिसेंबरात धरमपेठेतल्या एका दुकानातून आणला तर छान लागतो आणि मेमध्ये दुसरीकडून आणला तर तोंडात धरवत नाही, हे इथल्या कुणालाही ठाऊक आहे. दोष कुणाच्या माथी मारायचा?

मित्रमंडळी बसली आणि "आजवरची सगळ्यात घाण बिअर कुठली?" हा विषय निघाला की उत्तरं याच दोन गटांत पडतात. एक गट अमरावती रोडच्या ढाब्यावरच्या गरम स्ट्राँगची आठवण काढून तोंड वाकडं करतो. दुसरा गट कुणीतरी कौतुकानं आणलेल्या हिरव्या "फॉरेनच्या" बाटलीबद्दल बोलतो, आणि तेही जरा दबकत, कारण महागाची गोष्ट वाईट म्हणायला धीर लागतो. वर्ध्याहून आलेल्यांचं मत मात्र मी धरत नाही. तिथे 1970 च्या दशकापासून दारूबंदी आहे. नागपुरात आल्यावर त्यांना सगळंच गोड लागतं.

बिअर दोन प्रकारे वाईट होते, जन्मानं किंवा संगतीनं. जन्मानं वाईट झालेलीचं प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतलं आहे. श्लिट्झ ही तिथली एके काळची दुसऱ्या क्रमांकाची बिअर. खर्च वाचवायला त्यांनी आंबवण्याचा वेळ कमी केला, घटक बदलले, आणि 1976 मध्ये बिअर गढूळ होऊ नये म्हणून एक नवं रसायन घातलं. ते आधीच घातलेल्या, फेस टिकवणाऱ्या रसायनाशी भिडलं आणि बाटल्यांत शेंबडासारखे तुकडे तरंगायला लागले. सुमारे एक कोटी बाटल्या आणि कॅन परत मागवावे लागले. आपल्याकडच्या वाईट बिअरमागे एवढा इतिहास नसतो. ती बहुतेक वेळा कारखान्यातून बरी निघते. बिघडते ती नंतर, ट्रकमध्ये, गोदामात, दुकानाच्या फळीवर.

आधी स्ट्राँग घेऊ. ती थोडी जन्मानंच वाईट आहे, हे तिच्या चाहत्यांनीही मान्य करावं. अल्कोहोल 8 टक्क्यांपर्यंत न्यायचं आणि किंमतही आवाक्यात ठेवायची, म्हणून माल्टच्या (मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या) जोडीला तांदूळ, मका, साखर असं काहीबाही येतं. चव गोडसर आणि जड होते, मागून घशाला चटका बसतो. गार असताना हे सगळं दबून राहतं. कोमट झाली की तीच बिअर पातळ काढ्यासारखी वागते. फेस भसकन वर येतो आणि तेवढ्याच घाईनं बसतो, मग ग्लासात उरतो तो अल्कोहोलचा वास.

एक हिशेब मात्र लक्षात ठेवा. 650 मिलिलिटरची बाटली, 8 टक्के, म्हणजे 52 मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल. 42.8 टक्क्यांच्या व्हिस्कीचा 30 मिलिलिटरचा पेग धरला तर असे चार पेग झाले. तीच बाटली 5 टक्क्यांच्या माइल्डची असेल तर अडीच. उन्हातून आल्यावर तहानेपोटी स्ट्राँग गटागटा पिणाऱ्यांना हे कुणी सांगत नाही, आणि सकाळी डोकं दुखलं की ते बिअरमध्ये घालतात अशी समजूत असलेल्या "ग्लिसरीन"ला शिव्या देतात. ते काढायला बाटली पाण्याच्या ग्लासात उलटी धरणारे तुम्हीही पाहिले असतील. त्या पाण्यात खाली जाताना दिसते ती बिअरच. ती पाण्यापेक्षा जड असते.

स्ट्राँगच्या बाजूनं बोलण्यासारखं काय? एक म्हणजे तपकिरी बाटली. खांद्यावर आणि बुडाशी पांढरे घासल्याचे पट्टे असलेली, भंगारवाल्याकडून फिरून पुन्हा भरलेली, दिसायला गबाळी. पण उजेडाशी लढायला तिच्याइतकं चांगलं काचेचं भांडं नाही. दुसरं, ती पेटीत असते. तिसरं, सावजी मटणासमोर ती टिकते. त्या तेलाच्या तवंगाखालच्या लवंग-मिऱ्याच्या तिखटापुढे माइल्ड म्हणजे नुसतं फसफसणारं पाणी. स्ट्राँगचा तो एरवी नकोसा वाटणारा गोडवा तिथे कामाला येतो.

आणि मुख्य म्हणजे स्ट्राँगवर इलाज आहे. बादलीत बर्फ घ्या, बर्फ बुडेल एवढं पाणी ओता, दोन मुठी जाडं मीठ टाका आणि बाटल्या मानेपर्यंत बुडवून मधूनमधून फिरवत राहा. मिठामुळे पाणी शून्याच्या खाली जाऊनही गोठत नाही आणि बाटलीला चहूबाजूंनी भिडतं. वीस-पंचवीस मिनिटांत, चखणा ताटलीत काढून कांदा चिरेपर्यंत, बिअर प्यायच्या लायकीची होते. फ्रीझरच्या भरवशावर राहू नका. वेळ जास्त लागतो, आणि गप्पांच्या नादात विसरलात तर बाटली फुटते.

आता हिरवी. चवीच्या कागदावर ती वरचढ आहे, यात वाद नाही. हलकी, कोरडी, कडवटपणा नेमका, दुसऱ्या दिवशी डोकं ताळ्यावर. ताजी आणि पेटीतून थेट निघालेली मिळाली तर मी स्वतः आनंदानं पितो. अडचण तिच्या काचेत आहे.

बिअरला कडवटपणा येतो हॉप्समुळे, म्हणजे एका वेलीच्या फुलांमुळे. हॉप्समधली ती कडू द्रव्यं उजेडात तुटतात, विशेषतः निळ्या आणि अतिनील प्रकाशात. बिअरमध्ये मुळातच असलेलं रायबोफ्लेविन, म्हणजे बी-2 जीवनसत्त्व, या तुटण्याला हातभार लावतं. तुटलेला तुकडा गंधकाशी जुळतो आणि एक थायॉल, म्हणजे गंधकाचं उग्र वासाचं संयुग, तयार होतं. अमेरिकेतला स्कंक नावाचा प्राणी शत्रूवर जो फवारा सोडतो त्यातल्या द्रव्यांचं हे सख्खं भावंड. नाकाला ते कळायला एक लिटरमध्ये काही नॅनोग्रॅम पुरतात. तपकिरी काच हा उजेड बहुतांशी अडवते, हिरवी फारसा अडवत नाही, पांढरी जवळजवळ नाहीच. पांढऱ्या बाटलीतल्या काही बिअरमध्ये म्हणूनच हॉप्सचा बदलून घेतलेला, उजेडात न तुटणारा अर्क वापरतात.

आपल्याकडे स्कंक नाही, म्हणून वास सांगायचा तर असा: उघड्या राहिलेल्या हिंगाच्या डब्यात कुणी ओलं पोतेरं कोंबून ठेवावं. झाकण उघडताच पहिल्या क्षणी येतो. मग नाक सरावतं, आणि पुढचा घोट घ्यायला ग्लास तोंडाशी नेला की परत. माझा कौल ठरवला तो याच त्रासानं. चव वाईट असली तर माणूस शेंगदाण्यांनी, लिंबानं, गप्पांनी ती मारू शकतो. वासाचं तसं नाही, तो प्रत्येक घोटाआधी हजर. बर्फानं जात नाही, ग्लास बदलून जात नाही, बाटली रात्रभर फ्रिजात ठेवून जात नाही. एकदा झालं ते झालं.

यावर एक चिडीचा भाग असा की हिरवी बाटली दिसते सुंदर, म्हणून दुकानदार तिलाच पुढे मांडतो. फ्रिजच्या दाराला काच, आत उभी ट्यूबलाइट, तिला खेटून हिरव्या बाटल्या. सीताबर्डीतल्या ज्या दुकानात मी पूर्वी जायचो तिथे दुपारचं ऊनही तिरपं होऊन त्याच काचेवर यायचं. तपकिरी स्ट्राँग मागे, अंधारात, पेटीत. जिला सावली हवी तिला उजेडात उभं करायचं आणि जिला चालतं तिला लपवायचं. पैसे जास्त घ्यायचे ते वेगळेच.

विश्वास नसेल तर गच्चीवर करून बघा. पेटीतली चांगली हिरवी बाटली घ्या आणि दोन ग्लासांत ओता, एक काचेचा, एक स्टीलचा. स्टीलच्यावर ताटली झाका. दोन्ही पंधरा मिनिटं नागपूरच्या उन्हात ठेवा आणि मग डोळे मिटून हुंगा. कोमट दोन्ही झालेल्या असतील, पण एकातच हिंग असेल. ही भानगड तापमानाची नाही, उजेडाची आहे, हे समजायला दुसरा पुरावा लागणार नाही.

बाजू राखून सांगायचं तर उष्णतेला अगदीच निर्दोष सोडता येत नाही. बिअरवाल्यांचा एक ढोबळ आडाखा आहे: 32 अंशांत 3 दिवसांत बिअरची जेवढी झीज होते तेवढी 22 अंशांत 30 दिवसांत आणि 3 अंशांत 300 दिवसांत. मेमध्ये आपल्याकडे 32 म्हणजे रात्री उशिराचा गारवा. त्यामुळे पत्र्याच्या गोदामात पडलेली पेटी तपकिरी बाटल्यांची असली तरी हळूहळू शिळी होते आणि ओल्या पुठ्ठ्याची चव धरते. स्ट्राँगमध्ये हा पुठ्ठा गोडव्याखाली दबतो, हिरवीत लगेच उघडा पडतो. हाही गुण म्हणायचा की नाही, ते तुम्ही ठरवा. बाटलीवरची तयार केल्याची तारीख मात्र बघा. दोन महिन्यांच्या आतली असली तर मी डोळे झाकून घेतो, सहा महिन्यांची असली तर परत ठेवतो.

नळाची बिअर, म्हणजे पबमधली, यात मुद्दाम धरली नाही. तिचं सगळं नळ्यांच्या स्वच्छतेवर. नळ्या धुतलेल्या नसतील तर लोण्यासारखा किंवा आंबूस वास येतो. मग ग्लास परत करायचा, वाद घालायचा नाही.

काहींना हिरव्या बाटलीचा तो वास आवडतो, हेही खरं. वर्षानुवर्षं तशीच पिऊन त्यांना तीच "इम्पोर्टेड टेस्ट" वाटते, आणि ताजी दिली तर "यात काही दम नाही बे" म्हणतात. त्यांच्याशी भांडण नाही. पिणार दोनच घोट असतील, सोबत सावजी नसेल, लगेच गार हवी असेल आणि नाक सर्दीनं बंद असेल, तर हिरवी घ्यायलाही माझी हरकत नाही. सकाळी लवकर उठायचं असलं तरी हिरवीचं पारडं जड, कारण 330 मिलिलिटर 5 टक्क्यांत 16-17 मिलिलिटरच अल्कोहोल जातं.

एरवी मी कोमट स्ट्राँग उचलतो, वाटेत बर्फ घेतो आणि एक बाटली दोघांत करतो. तिला मी चांगली म्हणणार नाही. पण तिचा वाईटपणा अर्ध्या तासात निम्मा होतो, हिरवीचा होत नाही, आणि तिच्यासाठी दीडपट पैसे मोजूनही वर नाक मुरडत बसावं लागतं.

हिरवीच हवी असेल तर फ्रिजातली घेऊ नका. "भाऊ, पेटीतली द्या, गरम चालेल" असं म्हणा. दुकानदार आधी तुमच्याकडे वेड्यासारखा बघेल, मग पोऱ्याला आत पाठवेल. गर्दी असेल तर "पेटी फोडत नाही" म्हणून तोडूनही टाकेल. तेव्हा शेजारची स्ट्राँग आहेच.