ऑक्सबर्ग हॉल, नॉरफोक: आधी विटा बघा, मग दालनं

इंग्लंडमधली जुनी वाडेघरं बघताना बहुतेक जण आत फर्निचर आणि तैलचित्रांत रमतात. ऑक्सबर्ग हॉलला मात्र अर्धा वेळ बाहेर काढा. पूर्व इंग्लंडमधल्या नॉरफोक परगण्याच्या या भागात घडवता येईल असा चांगला दगड नाही, हाताशी आहे ती गारगोटी आणि चिकणमाती. म्हणून 1482 साली तटबंदीचा परवाना मिळाल्यावर सर एडमंड बेडिंगफील्ड यांनी खंदकात उभं असलेलं हे घर विटेत बांधलं.

प्रवेशद्वाराचे जोडबुरूज सुमारे 80 फूट उंच आहेत. माथ्यावर कंगोरे असल्यामुळे थाट किल्ल्याचा वाटतो, पण मधल्या खिडक्या बघा. वेढा पडेल अशी भीती असणारा माणूस एवढ्या मोठ्या खिडक्या ठेवत नाही. हा रुबाब आहे, आणि फार देखणा आहे. दर्शनी बाजू उत्तरेला असल्याने ती बहुतेक वेळ सावलीत असते. ढगाळ दिवशी विटेचा रंग उलट जास्त खुलतो. दुर्बीण असेल तर न्या, वरची नक्षी खालून नुसत्या डोळ्यांना नीट दिसत नाही.

इथलं सर्वांत सुंदर काम म्हणजे बुरुजातला गोल जिना. वरचं छत विटेचं, वळणावळणाने चढत जाणारं. हात धरायचा कठडासुद्धा विटेचाच आहे: साच्यात घडवलेल्या विटा भिंतीच्या खाचेत बसवल्या आहेत, त्यामुळे तो पुढे न येता भिंतीतच राहतो. गोल फिरत वर जाणाऱ्या छताला प्रत्येक थरात विटेचा कोन थोडा बदलावा लागतो. गवंड्याचा हात किती तयार असेल, ते इथे कळतं. उतरताना घाई करू नका, आतल्या बाजूला पायरी फार अरुंद होत जाते. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी चढण्याआधी तिथल्या कर्मचाऱ्यांना विचारावं.

जुनं आणि नवं ओळखायचं कसं? पंधराव्या शतकातली वीट पातळ, जेमतेम 5 सेंटीमीटर जाडीची. हाताने पाडलेली, म्हणून कडा वाकड्या आणि आकार कमीजास्त. तो फरक चुन्याच्या जाड दर्जांनी, म्हणजे विटांमधल्या सांध्यांनी, सांभाळलेला असतो. एकोणिसाव्या शतकातल्या भिंती सरळ, एकसारख्या आणि थोड्या निर्जीव दिसतात. हे समजून घेणं गरजेचं आहे, कारण आज ‘ट्यूडर’ (पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या इंग्लिश राजघराण्याच्या काळातला) वाटणारा बराच भाग त्या शतकातल्या दुरुस्तीचा आहे. दक्षिणेचं मोठं सभागृह तर 1775 मध्येच पाडलं गेलं. आत गेल्यावर माहितीफलकांवर हा फरक आणखी ठळकपणे दाखवायला हवा. नवखा माणूस सगळंच एका काळातलं समजून परत जातो.

दर्जा भरलेल्या जागाही निरखून बघा. जुन्या मऊ विटेच्या सांध्यात सिमेंट भरलं की भिंतीतला ओलावा सांध्यातून सुटत नाही, विटेतूनच बाहेर येतो. मग लोणा लागतो, थंडीत आतलं पाणी गोठून फुगतं आणि विटेचा दर्शनी पापुद्रा सुटतो. चुना विटेपेक्षा मऊ असतो. झीज तो स्वतःवर घेतो आणि पुन्हा भरता येतो.

छताचं दुखणं याहून मोठं निघालं. 2016 मध्ये छपरावरची एक खिडकी चौकात कोसळली. त्यानंतरच्या तपासणीत छताची खरी अवस्था समजली आणि सुमारे 60 लाख पौंडांचं काम हाती घ्यावं लागलं. 1952 पासून घर नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहे, आणि हे काम टाळलं नाही याबद्दल ट्रस्टचं मनापासून कौतुक करावंसं वाटतं.

आतली दालनं अंधारी आहेत. स्कॉट्सची राणी मेरी हिने भरतकाम केलेले पडदे मात्र चुकवू नका. कॅथलिक पंथावर बंदी असताना त्याच्या धर्मगुरूंना लपवायची, फरशीखालची खोलीही बघा.

जवळचं रेल्वे स्टेशन डाउनहॅम मार्केट. तिथून पुढे स्वतःची गाडी किंवा टॅक्सी सोयीची. घर आणि बाग यांच्या उघडण्याच्या वेळा वेगळ्या असू शकतात, म्हणून निघण्यापूर्वी बघून घ्या. एकूण तीन तास ठेवा आणि शेवटचा अर्धा तास शेजारच्या चर्चला द्या. त्याचा मनोरा 1948 मध्ये पडला, पण बेडिंगफील्ड घराण्याची सोळाव्या शतकातली टेराकोटाची थडगी वाचली आहेत. भाजलेल्या मातीवरचं इतकं बारीक काम वाड्यातही नाही.