आपलं चित्र दुसऱ्याच्या टीशर्टवर दिसलं तर: पोस्ट, टेकडाऊन, वकील की साधा फोन?

दोन वर्षांपूर्वी गणपतीच्या आधीच्या रविवारी दादरच्या पुलावर एक मुलगा माझ्यापुढे चालत होता आणि त्याच्या पाठीवर माझा बाप्पा होता. माझा म्हणजे मी काढलेला, सोंड आणि डावा कान एकाच रेषेत, त्या कानात स्टायलस, म्हणजे स्क्रीनवर काढायचं पेन, अडकून एक गाठ राहिलेली, तीसुद्धा जशीच्या तशी छापलेली. फक्त खालची सही उडवली होती.

मी तिथेच गर्दीत उभं राहून फोटोसकट पोस्ट टाकली, ज्यांचे ते टीशर्ट त्या ढोलताशा पथकाला टॅग करून. पहिला तासभर सगळे माझ्या बाजूने, मग पथकाची पोरं उतरली. 'बाप्पावर कसला कॉपीराईट', 'देवाच्या नावावर धंदा', 'ताई फुकट पब्लिसिटी मिळतेय ती घ्या की', आणि एकाने तर माझ्या सहा वर्षांपूर्वीच्या चित्रांखाली जाऊन 'हे कुठून ढापलं' असं लिहून ठेवलं. रात्री आईने विचारलं, तू काय केलंयस नक्की?

म्हणून सध्या ज्यांचं चित्र चोरीला गेलंय आणि बोट पोस्टच्या बटणावर आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय, सॉरी, लिहितेय, ऑटोकरेक्ट.

आधी एक बघा, चित्र तुमचंच आहे ना? हसू नका. पैसे घेऊन कोणाच्या ऑर्डरवर पेंटिंग किंवा पोर्ट्रेट केलं असेल आणि वेगळा करार नसेल, तर १९५७ च्या कॉपीराईट कायद्यात पहिला मालक ऑर्डर देणारा असतो, आणि नोकरीत काढलं असेल तर बहुतेक वेळा कंपनी. बाकी स्वतःहून काढलेलं चित्र काढल्या क्षणापासून तुमचं, रजिस्ट्रेशन सक्तीचं नाही. आणि 'बाप्पावर कॉपीराईट नसतो' हे त्या पोरांचं बरोबरच होतं, कल्पनेवर कोणाचाच नसतो. राजा रविवर्मा १९०६ ला गेले, आपल्याकडे हक्क चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो, त्यामुळे त्यांची लक्ष्मी आज कोणीही छापावी. पण माझी रेष, ती गाठ, ती माझी.

आता पोस्ट. फायदा एकच, वेग. समोर मोठा ब्रँड असेल तर लोक तुमच्या मागे उभे राहतात, ब्रँड घाबरतो, दोन दिवसांत मेल येतो. पण समोर लोकांचं लाडकं कोणी असेल तर कायदा गेला उडत. २००० साली मेटालिका या अमेरिकन रॉक बँडने नॅप्स्टरवर, म्हणजे लोक एकमेकांना फुकट गाणी द्यायचे त्या सेवेवर, केस केली, बँडचा ड्रमर लार्स उलरिच तीन लाखांवर युजरनेमची यादी घेऊन त्यांच्या ऑफिसात गेला. केस पुढे तडजोडीने मिटली, पण चाहत्यांनी लोभी ठरवलं ते उलरिचला. २०१७ मध्ये संगीतकार इळैयाराजांनी गायक एस. पी. बालसुब्रमण्यम यांना परवानगीशिवाय माझी गाणी कार्यक्रमात गाऊ नका अशी नोटीस पाठवली, एसपीबींनी फेसबुकवर शांतपणे तेवढं सांगितलं, आणि सगळा राग इळैयाराजांवर निघाला. इतक्या मोठ्या माणसाचं हे, तर आपण कोण. शिवाय पोस्टमध्ये 'चोर' लिहिलंत आणि समोरचा बदनामीच्या केसची धमकी देऊन बसला तर मूळ विषय राहतो बाजूला.

टेकडाऊन, म्हणजे ज्या साईटवर चित्र आहे तिच्याकडे तक्रार करून ते उतरवून घेणं, मला सगळ्यात जास्त आवडतं कारण त्यात प्रेक्षक नसतात. ऑनलाईन विकणारा असेल, कुठल्यातरी भलत्या शहरातला, नावगाव माहीत नाही, तर सरळ प्लॅटफॉर्मचा कॉपीराईट फॉर्म भरा, लेयरवाली (चित्राचे थर वेगवेगळे दिसतात ती) मूळ फाईल आणि तारीख जवळ ठेवा. आपल्या २०१३ च्या कॉपीराईट नियमांत तक्रार नीट असेल तर ३६ तासांत मजकूर थांबवायची तरतूद आहे, पण २१ दिवसांत कोर्टाचा आदेश आणला नाही तर तो परत येऊ शकतो, हे खूप जणांना माहीतच नसतं. आणि यूट्यूबवर जरा जपून, ९० दिवसांत तीन स्ट्राईक, म्हणजे कॉपीराईट तक्रारीवरून मिळणारे इशारे, लागले तर अख्खं चॅनल जातं, एखाद्या कॉलेजच्या पोराने तुमचं चित्र मागे लावून व्हिडिओ केलाय म्हणून स्ट्राईक दिलात तर तो स्क्रीनशॉट फिरणार आणि तुम्ही व्हिलन. तिथे आधी मेसेज करा.

वकील तेव्हाच, जेव्हा माल खरंच मोठ्या प्रमाणात विकला गेलाय. खटला तुम्ही राहता तिथे भरता येतो, म्हणजे तमिळनाडूतल्या तिरुपूरच्या टीशर्ट कारखान्यासाठी तिरुपूर गाठायला नको. पण उगाच धमकीची नोटीस पाठवली तर त्याच कॉपीराईट कायद्याच्या कलम ६० खाली समोरचाच तुमच्यावर दावा लावू शकतो, त्यामुळे व्हॉट्सॲपवर फिरणारा नोटिशीचा फॉरमॅट कॉपीपेस्ट करू नका. (कॉपीराईटच्या नोटिशीतही कॉपीपेस्ट, काय बोलणार.)

मंडळ, पथक, शाळा, ओळखीचा बॅनरवाला, इथे मात्र फोनच. त्यांना बहुतेक वेळा खरंच वाटत असतं की गूगलवर आहे म्हणजे सगळ्यांचं. फोन करताना रक्कम आधी ठरवून ठेवा, 'काय ते बघा' म्हणालात की ते शाल-श्रीफळ बघतात. आणि पैसे नकोच असतील तरी नावाचं बोला, चित्र विकलं तरी त्यावर नाव सांगायचा हक्क तुमच्याकडेच राहतो.

मी पथकाच्या प्रमुखाला फोन केला तो पोस्टनंतर दहा महिन्यांनी, तोही आईने नंबर शोधून दिला म्हणून. तो आधी पाच मिनिटं त्या कमेंटवाल्या पोरांवरच चिडला. मग पाच हजारांवरून घासाघीस करत साडेतीनवर आला. यंदाचे टीशर्ट छापायला गेलेत, सही खाली, वाचता येईल एवढी. कानातली ती गाठ साफ करून देता का विचारत होता, म्हटलं राहू दे.