नागपूरचा उन्हाळा आणि हनीकोंब पॅडचा कूलर: मार्च ते ऑक्टोबर वापरून आलेला अनुभव

वरच्या मजल्यावर राहत असाल आणि एसीशिवाय उन्हाळा काढायचा असेल, तर हनीकोंब पॅडचा, म्हणजे मधाच्या पोळ्यासारख्या छिद्रांच्या पुठ्ठ्याचे पॅड असलेला, लोखंडी कूलर जरूर घ्या. पण त्याला खोलीतली हवा बाहेर जायला वाट करून द्यायची तयारी हवी. ती नसेल तर कोणताही कूलर आणा, मे महिन्यात तुम्ही घामाघूमच राहणार.

आमचं घर मानेवाड्याकडे, वर थेट गच्ची. कूलर घ्यायचं ठरलं तेव्हा ज्याला त्याला विचारलं आणि जितकी तोंडं तितके सल्ले मिळाले. शेजारच्या काकू म्हणाल्या, गवताच्या ताट्यांसारखा गारवा पुठ्ठ्याला येणारच नाही. ऑफिसमधले एक जण म्हणाले, टाकीत रोज बर्फ टाका, एसी विसराल. सासूबाईंना वाळाच हवा होता. कॉटन मार्केटच्या बाजूच्या दुकानदाराने मात्र हनीकोंबच घ्या म्हणून सांगितलं. आता पूर्ण हंगाम वापरून झाल्यावर यातलं काय खरं निघालं ते लिहिते आहे, कारण फेब्रुवारी आला की हेच प्रश्न घरोघरी पुन्हा निघतात.

आमच्या कूलरला १८ इंची पंखा, १०० लिटरची टाकी आणि तिन्ही बाजूंना पॅड आहेत. तो खिडकीबाहेर स्टँडवर बसवलाय. पॅड म्हणजे राळ लावलेल्या जाड कागदाच्या नागमोडी पट्ट्या एकमेकींना चिकटवलेल्या. नवीन असताना आठवडाभर ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येतो, मग जातो. किंमत गवताच्या ताट्यांच्या तिपटीहून जास्त पडली, पण ताट्या दर उन्हाळ्याला बदलाव्या लागतात आणि हे पॅड नीट ठेवले तर दोन-तीन हंगाम जातात.

गारव्याबद्दल काकूंचं म्हणणं आमच्याकडे तरी खरं ठरलं नाही. ताटीतलं गवत महिन्याभरात खाली बसतं, वर पोकळी पडते आणि त्या पोकळीतून कोरडी गरम हवा तशीच आत येते. हनीकोंब खाली बसत नाही. घरात तापमान आणि आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र आहे, ते घेऊन मी नवतपात, म्हणजे मे अखेरीच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, मोजत बसायची. दुपारी तीनला गॅलरीतल्या सावलीत ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असताना कूलरच्या तोंडाशी २८ च्या आसपास. एवढ्या कोरड्या हवेत पाण्याने फार तर २३ अंशांपर्यंत उतरता येतं, त्याखाली कोणताच कूलर जात नाही. त्या हिशेबाने २८ म्हणजे उत्तमच.

पण तोंडाशी २८ असून पलंगावर जीव घुसमटतोय, असं एप्रिलमध्ये होत होतं. दारं-खिडक्या बंद ठेवायच्या, गारवा कोंडून ठेवायचा, ही एसीची सवय कूलरला लावली की हेच होणार. कूलर सतत बाहेरची हवा ओली करून आत ढकलतो. ती बाहेर गेली नाही तर खोलीतली आर्द्रता चढत जाते आणि घाम वाळेनासा होतो. बंद खोलीत यंत्र ७० टक्के दाखवायचं. समोरच्या भिंतीतली खिडकी अर्धी उघडली, बाथरूमचा झरोका मोकळा केला, आणि थोड्याच वेळात आकडा ४५ च्या खाली आला. पंख्याचा जोरही वाढला, कारण आत कोंडलेली हवा त्याला मागे रेटत नव्हती. दुपारी लू सुरू असताना खिडकी उघडी ठेवायला सासूबाईंचं मन धजेना. त्यांना त्या खिडकीपाशी हात धरायला लावला. हवा आतून बाहेर जात होती, लू आत येतच नव्हती. तेव्हापासून दुपारी ती खिडकी त्याच उघडतात.

बर्फाचं सांगते. एक किलो बर्फ वितळताना जेवढी उष्णता ओढतो, त्याच्या साधारण सातपट उष्णता एक लिटर पाणी वाफ होताना ओढतं. आमची १०० लिटरची टाकी सकाळी भरली की संध्याकाळी पुन्हा भरावी लागते, म्हणजे एवढं पाणी हवेत जातं. त्यात दोन किलो बर्फाने काय फरक पडणार? फ्रीज उगाच राबवू नका.

वाळ्याचा प्रश्न सासूबाईंनीच सोडवला. माठात टाकतो तशी वाळ्याची जुडी मलमलच्या कापडात बांधून त्यांनी टाकीत सोडली. कापडामुळे मुळांचे तुकडे पंपात जात नाहीत आणि पॅडवरून पाणी उतरताना मंद वास घरभर पसरतो. दर आठवड्याला जुडी काढून उन्हात वाळवायची. मला स्वतःला हा वास इतका आवडला की पुढच्या वर्षीही हेच करणार.

पॅड बसवताना एक गोष्ट बघून घ्या. आमच्या कूलरमधून पहिल्या दिवशी पाण्याचे शिंतोडे थेट गादीवर येत होते. दुकानातून आलेल्या मुलाने पंपाचा वेग कमी करून दिला, पण शिंतोडे थांबले नाहीत. मग ओळखीच्या मेकॅनिकने पॅड बाहेर काढून कडेने दाखवला. त्याच्या नागमोडी नळ्या दोन दिशांना तिरक्या जातात, एक जास्त उभी, एक जास्त आडवी. “ताई, ह्या पॅडले वर-खाली असते. उलटं लावलं त पाणी आत उडते.” जास्त उभ्या नळ्यांचा उतार बाहेरच्या बाजूला, म्हणजे हवा जिथून शिरते तिकडे, खाली आला पाहिजे. मग पाणी हवेच्या विरुद्ध वाहतं आणि खाली टाकीत पडतं. पॅड फिरवून लावला आणि गादी कोरडी राहिली. सगळ्या पॅडच्या नळ्या अशा दोन वेगळ्या उतारांच्या नसतात, पण ज्यांच्या असतात त्यांच्या बाबतीत हे पाहिलंच पाहिजे.

लोखंडी कूलर आणि पाणी म्हटलं की विजेची काळजी आलीच. विदर्भात कूलरचा शॉक लागून जीव गेल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात वाचायला मिळतात आणि वाचून पोटात गोळा येतो. पाणी भरण्याआधी प्लग काढा, असं महावितरण दरवर्षी सांगत असतं. आमच्याकडे एकदा बॉडीला हात लागला आणि मुंग्या आल्या. तपासलं तर तीन पिनांचा सॉकेट होता, पण त्याच्या अर्थिंगला वायरच जोडलेली नव्हती. त्याच दिवशी अर्थिंग करून घेतलं आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला, म्हणजे वीज गळायला लागली की लाइन आपोआप तुटते. घरात लहान मूल असेल तर कूलरच्या आधी हे करा, हात जोडून सांगते.

खारं पाणी हा हनीकोंबचा खरा शत्रू आहे. नळाचं पाणी असतं तोवर ठीक. मे महिन्यात नळ कमी पडला की सोसायटी बोअरचं पाणी सोडते आणि पॅडच्या खालच्या कडेला पांढरा थर धरायला लागतो. पाणी वाफ होतं, क्षार मागे राहतात, आणि टाकीत नुसती भर घालत राहिलं की खार वाढतच जातो. म्हणून आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करायची. डेंग्यूच्या डासासाठीही ते हवंच, अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. नुसतं पाणी ओतून चालत नाही. अंडी भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी होऊनही महिनोन्‌महिने तग धरतात, त्यामुळे ब्रशने घासायचं. पॅडवर मात्र ब्रश फिरवू नका, पाइपचं पाणी हलकं सोडा. रोज कूलर बंद करण्याआधी अर्धा तास फक्त पंप बंद करून पंखा चालू ठेवला की पॅड वाळतात आणि कुबट वास धरत नाहीत. सासूबाईंना दम्याचा त्रास आहे. जुन्या ताट्यांच्या वासाने त्यांना खोकला यायचा, तो यंदा नव्हता. माझ्यासाठी या कूलरची ही सर्वात मोठी कमाई.

विजेचं म्हणाल तर पंखा आणि पंप मिळून २०० वॅटच्या आसपास, म्हणजे १२ तासांना अडीच युनिटही नाही. दीड टनी एसी तासाभरातच दीड युनिटच्या जवळ जातो.

जूनच्या मध्यावर पाऊस आला की याचा उपयोग संपतो. बाहेर ३५ अंश आणि आर्द्रता ६० टक्के असली की कूलर हवा फार तर ३० पर्यंत आणतो, तीही चिकट. तेव्हा पंप बंद, नुसता पंखा. दमट दिवसांतही थंडावा हवाच असेल, घरात कुणी आजारी असेल, तर एसीला पर्याय नाही.

गेल्या आठवड्यात टाकी घासून, वाळवून कूलरवर ताडपत्री टाकली. पॅड काढून सावलीत सुकवले आणि माळ्यावर उभे ठेवले, कूलरमध्ये राहिले तर उंदीर कुरतडतात. खालची कड थोडी मऊ पडली आहे, पण पुढचा उन्हाळा निघेल. पंप क्षाराने जाम होतो आहे, तो फेब्रुवारीतच बदलून घेणार. एप्रिलमध्ये नागपुरात कूलरचा मेकॅनिक मिळत नाही.