बॅलन्स कॅलिब्रेशन: भोसरीच्या बाप-लेकांकडून आलेला अनुभव

आमच्या पुण्यातल्या कॉलेजची बॅलन्स रूम, म्हणजे बारीक तोलायच्या इलेक्ट्रॉनिक काट्याची खोली, मी एकोणीस वर्षं सांभाळते. खोली दहा बाय बाराची, पण राबता सगळ्या विभागांचा. केमिस्ट्रीची मुलं पोटॅशियम हायड्रोजन थॅलेट हे रसायन तोलायला येतात, बॉटनीची मुलं ओव्हनमध्ये वाळवलेली पानं घेऊन येतात. जिऑलॉजीवाले माती भरलेली क्रुसिबल, म्हणजे तापवायची छोटी भांडी, भट्टीत घालण्याआधी एकदा आणतात आणि भट्टीतून काढून गार झाल्यावर पुन्हा एकदा. विषय वेगवेगळे, पण प्रत्येकाच्या वहीतला पहिला आकडा याच काट्याचा. तोच चुकला तर पुढचं गणित कितीही नीट करा, उत्तर चूकच येणार.

मागच्या वर्षी या काट्याचा दशांशानंतरचा चौथा आकडा थांबेना. तेव्हा ज्यांच्याकडे त्याच्या देखभालीचं काम होतं त्यांनी तो खोक्यात घालून मुंबईच्या वर्कशॉपला नेला. तीन आठवड्यांनी परत आणला, टेबलावर ठेवला, पाणसळीचा बुडबुडा मधोमध आणला, प्रमाणपत्र हातात दिलं आणि निघून गेले. मी आमचं १०० ग्रॅमचं वजन ठेवलं तर आकडा ९९.९८३८. फोन केला तर म्हणाले, तुमचं वजन झिजलं असेल. ते वजन मी कधी उघड्या हातानं उचललेलं नाही, कुणाला उचलू दिलेलं नाही. फार लागलं ते मला.

फार्मसी कॉलेजातल्या एका मैत्रिणीनं काटे तपासून लावून देणाऱ्या भोसरीच्या या दोघांचा नंबर दिला. वडील आणि मुलगा, दोघंच काम करतात. हातात कामं भरपूर आहेत, नाव कुठं लिहू नका असं त्यांनीच सांगितलं, म्हणून लिहीत नाही.

वडिलांनी आल्या आल्या काट्याला हात लावला नाही. वजनांची पेटी उघडून टेबलावर ठेवली आणि म्हणाले, “ताई, खोलीचं आणि वजनांचं तापमान एक होऊ द्या. तोवर पंखा बंद करा.” दीड तास ते नुसते बघत बसले होते, ऊन कुठून येतं, दार उघडलं की काय होतं. मग सांगितलं, काटा मुंबईत लावला, म्हणजे माहीत असलेल्या वजनाशी त्याचा आकडा तिथं जुळवला, आणि पुण्यात वापरला, इथंच घोळ झाला. इलेक्ट्रॉनिक काट्याच्या पोटात चुंबकाच्या क्षेत्रात एक कॉइल असते. वजनानं पारडं दाबलं गेलं की तिच्यातून करंट सोडून ते जागेवर आणलं जातं, आणि किती करंट लागला त्यावरून आकडा ठरतो. म्हणजे काटा मोजतो तो पृथ्वीचा ओढा. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच, इथला ओढा मुंबईपेक्षा किंचित कमी. १०० ग्रॅमला हा फरक दहा मिलिग्रॅमच्या पुढं जातो. सोनाराच्या जुन्या दोन पारड्यांच्या तराजूला ही अडचण नव्हती, कारण तिथं दोन्हीकडचा ओढा सारखाच कमी होतो. नव्या महाग काट्यांत आतच वजन बसवलेलं असतं, ते जागेवर स्वतःला लावून घेतात. आमचा जुना, बाहेरचं वजन लागणारा. जिथं ठेवायचा तिथंच लावायला हवा होता.

अर्ध्या ग्रॅमच्या थॅलेटला हा फरक शेवटच्या आकड्याएवढाही पडत नाही, हेही त्यांनीच सांगितलं, उगाच घाबरवलं नाही. खरं दुखणं वेगळं होतं. त्यांनी हातमोजे घालून चिमट्यानं एकच वजन दहा वेळा ठेवलं आणि उचललं, दर वेळचा आकडा मुलानं लिहून घेतला. प्रमाण विचलन, म्हणजे आकडे एकमेकांपासून किती पसरतात त्याचं माप, आलं ०.१२ मिलिग्रॅम. औषधांच्या तपासणीत वापरतात तो नियम असा, की या आकड्याला २००० नं गुणायचं आणि त्याच्या खालचं काही त्या काट्यावर तोलायचं नाही. आमचं उत्तर २४० मिलिग्रॅम! आणि मायक्रोबायॉलॉजीची मुलगी वर्षभर त्यावर २० मिलिग्रॅम पावडर तोलत होती. तिच्या चेहऱ्याकडे बघवेना.

कारण टेबल होतं. लाकडी, भिंतीला टेकलेलं, आणि भिंतीपलीकडे रस्ता. बस गेली की आकडा हलताना त्यांनी मला बोटानं दाखवला. एकोणीस वर्षांत माझ्या लक्षात आलं नव्हतं. त्यांनी नवा काटा घ्यायला सांगितलं नाही. विटांचे दोन खांब बांधा, वर जाड कडप्पा टाका, भिंतीपासून चार बोटं सोडा, पश्चिमेच्या खिडकीला पडदा लावा, एवढंच. गवंड्याचं काम झाल्यावर ते स्वतः पुन्हा आले, त्या फेरीचे पैसे घेतले नाहीत. विचलन ०.०५ वर आलं, म्हणजे किमान वजन १०० मिलिग्रॅम. गुंजेच्या एका दाण्याहूनही कमी. २० मिलिग्रॅमला हा काटा अजूनही चालणार नाही हे त्यांनी त्या मुलीला समजावलं आणि जास्त पावडर तोलून द्रावण पातळ करत न्यायची रीत तिच्या वहीत लिहून दिली.

त्यांची वजनं एफ-वन वर्गाची आहेत, १०० ग्रॅमला अर्ध्या मिलिग्रॅमपर्यंतच्याच चुकीची मुभा असलेली. प्रमाणपत्रात ती वजनं कुणाकडून तपासली आणि तिथून तपासणीची साखळी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत कशी जाते ते लिहिलेलं असतं. आधीच्या प्रमाणपत्रात एवढंच होतं, ‘योग्य’.

तक्रारी दोन. प्रमाणपत्र यायला नऊ दिवस लागले, त्यात आमची तपासणी समिती आली होती, माझी खूप धावपळ झाली. आणि वेळ मिळायला महिना जातो. मार्चअखेरीला तर विचारूच नका. मी दिले १८०० रुपये, एका काट्याचे, येण्या-जाण्यासकट.

काट्याच्या कपाटातली ओल शोषून घेणारी सिलिका जेल निळीची गुलाबी झाली तरी आम्ही तशीच ठेवत होतो, तीही मुलानं जाता जाता बदलायला लावली. बॉटनीच्या मुलांची वाळलेली पानं पावसाळ्यात तोलता तोलता जड का होतात, ते मग सगळ्यांनीच बघितलं.